पाहणीच्या दिवशी न आलेली चार माणसं

विचुंबे, पनवेल
१२ सप्टेंबर २०२४, गुरुवार

चि. मनिषा,

मामाचे आशीर्वाद. पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नकोस, घरी सगळे ठीक आहेत. पत्र एवढ्यासाठी की फोनवर चार वाक्यं बोललो की मला खोकला लागतो, खोकला ऐकून तू रडायला लागतेस आणि मग विचारायचं ते राहून जातं. कागदावर मध्ये थांबता येतं. हे पत्र मी तीन बैठकांत लिहिलं आहे. उत्तरही पत्रानेच दे. मोबाइलवर पाठवलंस तर प्रणित आधी वाचतो आणि मला अर्धंच सांगतो. सोबत माझा पत्ता घातलेलं पाकीट ठेवलं आहे, तिकीट लावून.

आता मुद्दा. माझ्या फुप्फुसांत जाळी पडते आहे हे तुला माहीतच आहे. पनवेलला डॉ. हेतल मॅडम दर गुरुवारी आमच्यासारख्यांना बघतात. आमच्यासारखे म्हणजे दमा नाही, टीबी नाही, तरी श्वास पुरत नाही असे. दोन वर्षांपूर्वी बाकावर आम्ही तिघे असायचो. आज मी मोजले, एकोणतीस झाले. पेणहून येतात, उरणहून येतात. मोरा बंदरावरचा एक कोळी तर मासळीचा वास घेऊनच येतो आणि बसायला सगळ्यात चांगली जागा त्यालाच मिळते.

आज भावेशने सांगितलं की हॉस्पिटलला अशा दुर्मिळ आजारांचं केंद्र म्हणून मान्यता हवी आहे. भावेश म्हणजे मॅडमच्या हाताखालचा माणूस, आमची नावं लिहितो, फोन करतो, चालायच्या चाचणीला उभं करतो. डिसेंबरात बाहेरचे तीन मोठे डॉक्टर पाहणीला येणार. मान्यता मिळाली तर गुरुवार कायमचा राहील. नाही मिळाली तर विश्वस्तांचं म्हणणं असं की एवढ्या थोड्या लोकांसाठी वेगळा दिवस ठेवणं जमणार नाही, सगळ्यांनी मुंबईला जावं.

मी मुंबईला एकदा गेलो आहे. प्रणितच्या गाडीत, खाडीपुलावर दोन तास अडकलो. ओठ निळे पडले. प्रणित म्हणत होता, "बाबा, तुमी बोलू नका." मी बोलत नव्हतोच. पुन्हा मी मुंबईला जाणार नाही. हे मी घरात कोणाला सांगितलेलं नाही, तुला सांगतो.

तू पुण्याला अशाच केंद्रात नोकरी करतेस. हॉस्पिटल केंद्र कसं होतं ते मला समजेल असं लिही. आणि आम्ही बाकावरच्या लोकांनी त्यात काय करायचं असतं, तेही लिही. मला झोप लागत नाही.

तुझा
बळीराम मामा

ता. क. पत्र मिळालं की एक मिस्ड कॉल दे. टपालाचा आजकाल भरवसा नाही.


पुणे
२५ सप्टेंबर २०२४

ती. मामा,

नमस्कार. मिस्ड कॉल दिला होता. तुम्ही उचललात, खोकलात आणि ठेवलात. मिस्ड कॉल उचलायचा नसतो.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आमचं हॉस्पिटल काही एका दिवसात केंद्र झालं नाही. मी सोळा वर्षांपूर्वी इथे नर्स म्हणून लागले तेव्हा छातीचे एक डॉक्टर होते आणि त्यांच्याकडे एक शिंपी यायचा. त्याचं निदान कोणालाच होईना. प्रत्येकाने त्याला वेगळं नाव दिलं, वेगळं औषध दिलं. शेवटी आमच्या डॉक्टरांनी फिल्म वाचणाऱ्या बाईंना आणि दुर्बिणीखाली मांसाचा तुकडा तपासणाऱ्या सरांना मंगळवारी एका खोलीत बसवलं. खूप भांडण झालं. पण त्या भांडणातून शिंप्याचा आजार सापडला. मग दर मंगळवारी भांडायचं ठरलं. आजही भांडतात. पहिली गोष्ट ती.

दुसरी गोष्ट, माणसं. हे आजार इतके थोड्यांना होतात की साध्या डॉक्टरला आयुष्यात दोन-चार दिसतात. ओळखायला डोळ्याला सवय लागते, आणि सवय लागायची तर सगळे एकाच दारातून यावे लागतात. तुमचे तिघांचे एकोणतीस झाले ना, त्यातूनच हेतल मॅडमचा डोळा तयार होतो आहे.

तिसरी गोष्ट, जे स्वतःला येत नाही ते दुसऱ्याकडून शिकणं. आमचे भूलतज्ज्ञ बाहेर जाऊन शिकून आले, आता दुसऱ्यांकडे शिकवायला जातात.

आणि चौथी, वही. कोण आलं, काय आढळलं, काय दिलं, पुढे काय झालं. पाहणीला येणारे यंत्रं बघतात, पण जास्त वेळ वही बघतात.

बाकावरच्यांनी काय करायचं? वेळेवर जायचं, खरं सांगायचं, औषध घ्यायचं. एवढंच. सहा मिनिटांच्या चाचणीत किती मीटर चालता, ते मला कळवा.

तुमची
मनिषा


विचुंबे
२० ऑक्टोबर २०२४

चि. मनिषा,

पत्र चार वेळा वाचलं. वहीचं लक्षात ठेवलं आहे.

चालायच्या चाचणीत मी तीनशे दहा मीटर चालतो. वाटेत खुर्ची ठेवलेली असते, पण मी बसत नाही. दम लागला तरी बसत नाही. भावेश म्हणतो, "काका, थांबा हो, शर्यत नाही." पण आकडा वहीत जातो. घरून निघण्याआधी अर्धा तास मी ऑक्सिजनच्या मशीनवर बसून जातो, म्हणजे आत साठा राहतो.

या महिन्यात आमच्याकडे मोठी गोष्ट झाली. भागी म्हणून एक बाई आहे, डोंगराकडच्या वाडीतली, पस्तिशीची असेल. ती आणि तिचा नवरा कान्हा दर वर्षी दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. तिच्या फुप्फुसात चिकासारखं काहीतरी साठतं. त्यावर गोळी चालत नाही. फुप्फुसच धुवावं लागतं. पनवेलला हे आजवर कोणी केलेलं नव्हतं. तुमच्या पुण्याचेच दोन डॉक्टर शिकवायला आले. तिला पूर्ण भूल देतात, एका फुप्फुसाने श्वास चालू ठेवतात आणि दुसऱ्यात कोमट मिठाचं पाणी सोडून काढून घेतात. भावेशने बाटल्या दाखवल्या. पहिली बाटली ताकासारखी पांढरी, मग पातळ, पातळ, आणि शेवटची जवळजवळ नितळ. भागीला शुद्धीवर आल्यावर दाखवलं तर म्हणते कशी, "माझ्या छातीत एवढं ताक कोनी घुसललं?" सगळा वॉर्ड हसला.

आता तिचं एक फुप्फुस धुतलेलं आहे आणि एक राहिलं आहे. दुसऱ्याची तारीख डिसेंबरात ठरणार. म्हणून ती यंदा भट्टीवर जाणार नाही, कान्हा पण थांबणार आहे.

पाहणी पाच डिसेंबरला, गुरुवारी. मला आमची शाळा आठवते. मी चौथीत असताना शाळा तपासायला साहेब यायचे, आम्ही त्यांना दिपोटी म्हणायचो. गुरुजींनी आदल्या दिवशी वर्ग सारवून घेतला. पाढे येणाऱ्यांना पुढे बसवलं आणि आम्हा पाच जणांना सांगितलं, "उद्या तुम्ही येऊ नका." दिपोटी खूश होऊन गेले. शाळेला चांगला शेरा मिळाला. कशाला काय लागतं, हे गुरुजींना कळत होतं.

बाकावर आम्ही एकोणतीस आहोत. पंचवीस जण दिसायला बरे आहेत. मी त्यावर विचार करतो आहे.

मामा


पुणे
२ नोव्हेंबर २०२४

ती. मामा,

दिवाळीचा नमस्कार. उद्या भाऊबीज. आई गेल्यापासून या दिवशी तुम्हाला काय वाटतं ते मला माहीत आहे. ड्यूटी आहे, नाहीतर आले असते. पुढे कधीतरी नक्की येते.

ऑक्सिजन साठत नाही मामा. तुमची छाती म्हणजे गच्चीवरची टाकी नाही. खुर्ची ठेवली आहे ती बसायला. दम लागला की बसा, त्यावरूनच डॉक्टरांना कळतं.

भागीचं वाचून इथे सगळ्यांना सांगितलं. आमचे डॉक्टरही तिच्या ताकाची आठवण काढून हसतात.

आणि तुम्ही 'विचार करतो आहे' असं लिहिलंत की मला भीती वाटते. आईच्या लग्नात तुम्ही असाच विचार करून भाषण केलं होतं म्हणे. पाहणीच्या दिवशी भाषण करू नका. गप्प बसा आणि विचारलं तेवढं सांगा.

तुमची
मनिषा


विचुंबे
९ डिसेंबर २०२४

चि. मनिषा,

पाहणी छान झाली. भाषण केलं नाही, तू उगाच घाबरलीस. मी गेलोच नाही.

आता सांगायला हरकत नाही. आमच्यात चार जण असे होतो की बघणाऱ्याने पहिल्या नजरेत म्हणावं, इथे उपचार होत नाहीत. एक मी, कारण बोलताना माझे खांदे वरखाली होतात. दुसऱ्या आशालताबाई, नवीन पनवेलच्या, नाकाला कायम नळी. तिसरा रमेश, खाणीतला, त्याचा खोकला थांबत नाही. आणि चौथी भागी. ती अनवाणी येते, गाठोडं घेऊन जमिनीवरच बसते, आणि एक फुप्फुस राहिल्यामुळे तिचा आकडा अजून खाली आहे.

अठ्ठावीस नोव्हेंबरला मी एकेकाला बाजूला घेतलं. आशालताबाई म्हणाल्या, "घरत काका, मला डॉक्टरांनी तर सांगितलं नाही." मी म्हटलं, डॉक्टर असं तोंडाने सांगत नसतात, आपण समजायचं. त्यांना पटलं. रमेशला तर न यायला कारणच हवं होतं. भागीला मी सांगितलं, "येत्या गुरुवारी मोठे लोक येणार आहेत, तू येऊ नकोस." तिने विचारलं, "मी नको?" मी म्हटलं, नको. ती बरं म्हणाली आणि गाठोडं उचलून गेली. शहाणी बाई आहे.

गुरुवारी मी घरी बसून होतो. साडेनऊला भावेशचा फोन आला, उचलला नाही. अकराला परत आला, उचलला नाही. प्रणित विचारत होता, "बाबा, आज गुरवार ना? तुमी घरी कसे?" मी सांगितलं, सुट्टी आहे.

निकाल अजून कळलेला नाही. तुला काही समजलं तर कळव. मला वाटतं आपण पास होऊ.

मामा


पुणे
१६ डिसेंबर २०२४

ती. मामा,

तुमचं पत्र हातात घेऊनच लिहिते आहे.

आमच्या डॉक्टरांकडून मला कळलं आहे. पाहणी करणाऱ्यांनी मॅडमच्या कामाची तारीफ केली आणि मान्यता अडवून ठेवली. कारण असं लिहिलं: सर्वांत आजारी चार रुग्ण त्या दिवशी आले नाहीत, वहीत त्यांच्या नावांपुढे कारण नाही, आणि ज्या एकमेव बाईचं फुप्फुस इथे धुतलं ती कुठे आहे हे हॉस्पिटलला सांगता येत नाही.

मामा, ते बरे दिसणारे लोक बघायला येत नाहीत. बरे तर कुठेही दिसतात. जे बरे होत नाहीत त्यांचं हॉस्पिटल काय करतं, कोण सुटलं तर कोणाला कळतं, ते बघायला येतात. तुम्ही ज्यांना घरी बसवलंत त्यांच्यासाठीच केंद्र लागतं.

तुमच्यावर ओरडण्याआधी माझंही सांगते. हे मी आईलाही सांगितलं नव्हतं. आम्ही पहिल्यांदा अर्ज केला तेव्हा आम्हालाही नाकारलं होतं. वहीत सोळा नावांपुढे रेघ होती. त्यांना फोन करायचं काम माझं होतं. एकेकदा लावला, उचलला नाही, मी रेघ मारली. वही स्वच्छ दिसायची. मग घरोघर जायला सांगितलं तेव्हा कळलं, त्यातल्या एक बाई हॉस्पिटलपासून दोन गल्ल्यांवर राहत होत्या. पाच महिन्यांपूर्वी गेल्या होत्या. त्यांच्या सुनेने मला पाणी दिलं आणि विचारलं, "आता कशाला आलात?" त्या दिवसापासून मी एकाही नावापुढे रेघ मारलेली नाही.

हे पत्र मिळालं की दुसऱ्याच सकाळी भावेशकडे जा. गुरुवारची वाट बघू नका. त्याला सगळं सांगा. आणि भागीला परत आणा. तिचं दुसरं फुप्फुस तसंच आहे, हे तुमच्या लक्षात आलं का?

मनिषा


विचुंबे
२ जानेवारी २०२५

चि. मनिषा,

तुझ्या पत्रानंतर दोन दिवस मी जेवलो नाही. प्रणितच्या बायकोला वाटलं पोट बिघडलं, तिने भात पातळ केला.

तिसऱ्या दिवशी रिक्षा करून गेलो. भावेशने ऐकून घेतलं आणि डोकं धरून बसला. "काका, वाट लावलीत हो. मी तीन दिवस शोधत होतो तुम्हाला." मग मॅडमपुढे नेलं. मला वाटलं रागावतील. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. म्हणाल्या, "काका, तुम्ही माझे सगळ्यात जुने पेशंट. त्या दिवशी मी तुम्हालाच पुढे बसवणार होते. दोन वर्षांत तुमचा आजार किती हळू वाढला, ते दाखवायला." त्यांनी पाणी दिलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

समितीने मार्चअखेरपर्यंत मुदत दिली आहे. चौघांचा ठावठिकाणा आणि तपासणी वहीत पाहिजे. मी तर हजर झालोच आहे. आशालताबाईंना फोन केला. "मी तेव्हाच म्हटलं होतं," असं त्यांनी चार वेळा ऐकवलं, पण आल्या. रमेशला भावेश मोटारसायकलवर घेऊन आला.

भागी नाही. तिचा फोन बंद आहे. भावेश वाडीवर जाऊन आला. खोपीचं दार झाप लावून बंद आहे. शेजारची म्हातारी म्हणाली, "दवाखान्यानं तिला नको सांगितलं. मंग काय करनार, गेली भट्टीला." कुठल्या भट्टीला, ते तिला माहीत नाही. मुकादमाचा टेम्पो आला आणि सगळे बसून गेले.

मनिषा, दवाखान्याने नाही सांगितलं. मी सांगितलं. आणि मी तिला त्या एका गुरुवारपुरतंच सांगितलं होतं. मी डोळे मिटून ते पुन्हा पुन्हा आठवून बघतो. 'येत्या गुरुवारी येऊ नकोस' म्हणालो. पण पुढच्या गुरुवारी ये, असं म्हणालो होतो का? म्हणालो नसेन. भट्टीवर तर राख आणि धूळ, दुसरं काही नाही. माझी छाती रात्रंदिवस धडधडते. निम्मी आजाराने, निम्मी याने.

मामा


पुणे
११ जानेवारी २०२५

ती. मामा,

घाबरून काही होणार नाही. शोधायची एक रीत असते, ती सांगते. माणूस सापडत नसेल तर त्याला नेणारा माणूस शोधायचा. वाडीवर दर वर्षी कोणता मुकादम येतो? त्याच्या विटा कोण घेतं? विटा विकत घेणाऱ्याला भट्टी माहीत असते.

तुमच्या घरातच रेती-विटांचा धंदा आहे, मामा. प्रणितला विचारलंत का? की त्याच्यापासूनही लपवलं आहे?

मनिषा


विचुंबे
१६ फेब्रुवारी २०२५

चि. मनिषा,

लपवलं होतं. तू कसं ओळखलंस देव जाणे.

प्रणितला सांगितलं तेव्हा तो जेवत होता. म्हणाला, "बाबा, तुमाला त्या भानगडीत कोनी पडायला सांगितलं व्हतं?" पण हात धुऊन लगेच फोन लावायला बसला. चार मुकादमांना विचारून झालं. ज्याच्या विटांनी आपलं हे घर बांधलं, त्याचाच भाऊ त्या वाडीवरून माणसं नेतो. भट्टी पेणच्या पलीकडे, नदीकाठी. प्रणित म्हणाला, मी जाऊन आणतो. मी म्हटलं, मी येणार. "बाबा, तुमाला मुंबईला जमलं नाय." मी म्हटलं, ही मुंबई नाही. मग त्याने छोटी ऑक्सिजनची टाकी मागच्या सीटवर बांधली आणि निघालो. वाटेत कोन गावाजवळ थांबून त्याने मला चहा पाजला. गाडीही हळू चालवली.

भट्टीवर गाडी थेट जात नाही. शंभर पावलं चालावं लागलं. मी तीनदा थांबलो. एकदा खाली कच्च्या विटांवर बसलो, तर एक बाई ओरडली की विटा मोडतील.

भागी एका बाजूला बसून सुकलेल्या विटा उलटत होती. टोपली उचलणं तिला जमत नाही. ऑक्टोबरात भरलेला चेहरा परत उतरला आहे. मला बघून उठली नाही. कान्हा विटांचा साचा हातात घेऊनच पुढे आला.

"कशाला आलास बाबा?" तो म्हणाला. "तुमीच नको बोललां तिला."

मी म्हटलं, "मी बोललो. दवाखाना नाय बोलला. दवाखाना तिला शोधतोय."

भागी म्हणाली, "मोठी मानसां येनार, आपून दिसायला नको, मला समाजलं की. त्यात काय. आमाला सगलीकडं असाच सांगतात."

तेव्हा मी खाली तिच्या समोर बसलो. प्रणित मागे टाकी धरून उभा होता. मी तिला शाळेची गोष्ट सांगितली. तुला अर्धीच लिहिली होती. दिपोटी येऊन गेल्यावर आम्हा पाच जणांना परत बोलवायचं गुरुजींच्या लक्षात राहिलं नाही. मी दुसऱ्या दिवशी शाळेच्या कुंपणापर्यंत गेलो होतो. आत पाढे चालले होते. मी वाट बघितली की कोणी तरी ये म्हणेल. तिसऱ्या दिवशीही गेलो. चौथ्या दिवशी बापाबरोबर मिठागरावर गेलो. तुझ्या आईने आयुष्यभर सगळ्यांना सांगितलं की घरच्या कामासाठी माझी शाळा सुटली. तिलाही मी तेच सांगितलं होतं. प्रणितनेही हे पहिल्यांदाच ऐकलं.

कान्हाने विचारलं, "मंग शालेत गेलासच नाय?"

"नाय."

"का?"

"कोणी ये बोललंच नाय."

भागी हसायला लागली आणि हसता हसता खोकायला लागली. बराच वेळ खोकली. मग तोंड पुसून म्हणाली, "आनि त्याचं उट्टं माज्यावं काढलास." मी मान हलवली. ती म्हणाली, "बोल मंग."

"काय?"

"जे गुर्जी बोलला नाय ता बोल."

मी म्हटलं, "भागी, येत्या गुरुवारी ये. वीस तारीख. सकाळी नऊ वाजता. मी बाकावर असेन."

ती कान्हाकडे बघत राहिली. कान्हाने साचा पाण्यात बुडवला, धुतला आणि बाजूला ठेवला. प्रणित मुकादमाशी बोलायला गेला. येताना मागच्या सीटवर मी, भागी आणि टाकी. कान्हा पुढे. टाकीची नळी कोणी लावायची यावर आमचं थोडं भांडण झालं. शेवटी आळीपाळीने लावली. तू नर्स आहेस, रागावशील, पण रस्ता लांब होता.

मामा


विचुंबे
३ एप्रिल २०२५, गुरुवार

चि. मनिषा,

हे पत्र एका बैठकीत लिहितो आहे, कारण आता चालताना आणि लिहिताना नळी लावायची असं मॅडमनी सांगितलं आहे. ते कसं झालं ते पुढे.

भागीचं दुसरं फुप्फुस सहा मार्चला धुतलं. या वेळी तुमच्याकडचा एकच डॉक्टर आला होता आणि तो हात मागे बांधून बघत उभा राहिला. सगळं आमच्याच लोकांनी केलं. बाटल्या ओळीने ठेवल्या होत्या. पहिल्या दोन राखाडी होत्या, भट्टीच्या. भागीने बघितल्या, पण या खेपेला विनोद केला नाही. म्हणाली, "ह्या कान्हाला दावा." दाखवल्या. तो बराच वेळ बघत होता. पुढच्या वर्षी भट्टीवर जायचं की नाही यावर दोघांचं अजून ठरत नाही. प्रणितने कान्हाला आपल्या दुकानावर माल उतरवायला ये म्हणून सांगितलं आहे. तो हो म्हणत नाही, नाही म्हणत नाही.

सत्तावीस मार्चला समितीची माणसं परत आली. आम्ही एकोणतीसच्या एकोणतीस होतो. मॅडमनी मला पुढे बसवलं आणि शेजारी भागीला. ती बाकावर बसायला तयार नव्हती. मी म्हटलं, तू खाली बसलीस तर मलाही खाली बसावं लागेल आणि मग मला उठवायला चार माणसं लागतील. तेव्हा बसली.

त्यांनी माझी चाचणी स्वतः बघायला मागितली. मी चालायला लागलो. तिसऱ्या मिनिटाला दम भरला. खुर्ची दिसली आणि मी तिच्यात बसलो. भावेश माझ्याकडे बघतच राहिला. दोनशे पाच मीटर झाले. आकडा खूप खाली गेलेला दिसत होता. मला लाज वाटली, पण त्या तिघांतल्या एका बाईंनी विचारलं की आधीचे तीनशे दहा कसे. मी सगळं सांगितलं, मशीनवर बसून यायचो तेही. त्या हसल्या नाहीत. त्यांनी लिहून घेतलं. त्यावरूनच मला चालतानाची नळी मिळाली. मॅडम म्हणाल्या, हे एक वर्ष आधी मिळायला हवं होतं, पण आकडाच खोटा असेल तर आम्ही काय करणार. खरं आहे.

मान्यता मिळाली. दोन वर्षांसाठी. दोन वर्षांनी परत बघणार. ढोल-ताशे काही नाहीत, पाटीही अजून लागलेली नाही. विश्वस्तांचं पत्र मात्र आलं, गुरुवार कायम.

एक नवीन पद्धत सुरू झाली आहे. दारातून कोणी बाहेर पडताना त्याच्या हातात कार्ड पाहिजे आणि कार्डावर पुढची तारीख पाहिजे. 'परत या' असं मोघम चालत नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला तारीख तोंडाने सांगायची आणि त्याच्याकडून परत म्हणून घ्यायची. हे काम भावेशने मला दिलं आहे. दाराजवळच्या बाकावर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवतो. आशालताबाई म्हणतात, "घरत काका टोलनाक्यावर बसलेत." बसलो आहे. आज भागीने मला तिची तारीख म्हणून दाखवली, आठ मे. मग माझं कार्ड मागितलं आणि म्हणाली, "आता तुजी बोल." मी बोललो.

तुझ्या दिवाळीच्या पत्रात तू लिहिलं आहेस, 'पुढे कधीतरी नक्की येते.' ते पत्र माझ्यासमोर आहे. तू माझ्या बहिणीची, सखूची मुलगी आहेस, मुद्दाम टाळणार नाहीस, हे मला माहीत आहे. पण माझं फुप्फुस कोणी धुऊन देणार नाही, हे तू नर्स असल्यामुळे माझ्यापेक्षा जास्त जाणतेस, आणि तरी एकाही पत्रात लिहिलेलं नाहीस. त्याबद्दल मी रागावलेलो नाही. मीही विचारलेलं नाही.

सोबत पत्ता घातलेलं पाकीट आहे. या वेळी आत एक कोरं कार्डही ठेवलं आहे, भावेशकडून मागून घेतलेलं. त्यावर बाकी काही लिहू नकोस. तारीख लिहून पाठव.

तुझा
बळीराम मामा